मिठाच्या खड्यापासून आवर्तसारणीपर्यंत
(उच्च प्राथमिक वर्गांना सामान्य विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

विषयाचे प्रयोजन

मूलद्रव्यांची आवर्तसारणी अनेक शाळांच्या भिंतीवर टांगलेली असते. तिच्याकडे पाहून विद्यार्थी हायड्रोजन, हेलिअम, लिथिअम अशी नावे पाढ्यांप्रमाणे म्हणून दाखवितात आणि परीक्षेत गुणही मिळवितात. परंतु त्याच विद्यार्थ्यास, 'तुझ्या डब्यातील भाजीत सोडिअम आहे काय?' असे विचारले तर तो गोंधळतो. ज्या पदार्थांविषयी हा तक्ता बोलतो ते पदार्थ विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे कधी आलेलेच नसतात, हे त्याचे कारण होय.

या अपुऱ्या ज्ञानाची किंमत केवळ गुणांत मोजावयाची नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात, तसेच राज्यातील इतर औद्योगिक वसाहतींच्या आसपास राहणाऱ्या मुलांच्या दृष्टीस रसायनांची पिंपे व पोती नेहमी पडतात. क्वचित रिकामे पिंप पाणी साठविण्यासाठी घरीही आणले जाते. त्यावर 'सोडिअम' हा शब्द वाचून, 'सोडिअम तर मिठात असते' असा निष्कर्ष एखाद्या मुलाने काढला तर तो त्याच्या जिवावर बेतू शकतो. सोडिअम क्लोराइड म्हणजे आपले मीठ. परंतु सोडिअम हायड्रॉक्साइड म्हणजे कॉस्टिक सोडा, जो कातडी व डोळे जाळतो. नावाचा एक भाग तोच असला तरी पदार्थ निराळा असतो. हा भेद ज्या मुलास उमजला त्यास रसायनशास्त्राचे पहिले तत्त्व उमजले. म्हणून तक्त्यापासून पदार्थाकडे न जाता पदार्थापासून तक्त्याकडे जावे, असे येथे सुचविले आहे.

प्रारंभ : खाडी आणि मीठ

उदाहरणासाठी ऐरोलीचा परिसर घेऊ. ठाणे खाडीच्या पूर्व तीरावरील हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. १९७० नंतर नवी मुंबईची उभारणी सुरू झाली आणि १९९२ पासून ते महानगरपालिकेच्या हद्दीत गेले. तरी खाडी, तिवरांची रांग आणि भरती-ओहोटी तेथील मुलांच्या परिचयाची राहिली आहे. खाडीपलीकडे मुलुंड, भांडुप, कांजूर या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या मिठागरे होती. 'आगरी' या नावाचा संबंधही शेताच्या व मिठाच्या आगराशी जोडला जातो. तेव्हा पाठाचा आरंभ मिठापासून करणे तेथे सर्वथा स्वाभाविक आहे.

मिठागरात काय घडते ते प्रथम सांगावे. समुद्राच्या एक लीटर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. खाडीत हे प्रमाण पावसाळ्यात घटते व उन्हाळ्यात वाढते. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत अडवून उन्हात आटविले की क्षार एकदम खाली बसत नाहीत. प्रथम जिप्सम वेगळे होते, नंतर मीठ, आणि शेवटी उरलेल्या कडवट पाण्यात मॅग्नेशिअमचे क्षार राहतात. समुद्राचे पाणी हे अनेक पदार्थांचे मिश्रण आहे आणि मिश्रणातील घटक साध्या उपायांनी वेगळे करता येतात, एवढे यावरून विद्यार्थ्यांच्या ध्यानी येते.

वर्गात हा प्रयोग स्वच्छ पाण्यात बाजारचे मीठ विरघळवून करावा. स्टीलच्या ताटलीत द्रावण घालून ती दोन दिवस उन्हात ठेवावी. राहिलेले स्फटिक भिंगाखाली पाहिल्यास त्यांतील पुष्कळसे चौकोनी ठोकळ्यांसारखे दिसतात. खाडीचे पाणी आणून त्याची चव घेण्यास विद्यार्थ्यांना सक्त मनाई करावी. ते पाणी आता शुद्ध राहिलेले नाही.

यानंतर पुढचा प्रश्न विचारावा : मीठ हे आणखी कशाचे बनलेले आहे? मिठाचा खडा कितीही कुटला तरी त्याची पूड खारटच लागते. उन्हाने, चाळणीने वा कुटण्याने त्याचे घटक वेगळे होत नाहीत. मात्र वितळलेल्या मिठातून वीज सोडली असता दोन अगदी वेगळे पदार्थ मिळतात. एक म्हणजे सोडिअम, हा सुरीने कापता येण्याइतका मऊ, चकचकीत धातू, जो पाण्यात पडताच पेट घेऊ शकतो. दुसरा क्लोरीन, हा हिरवट पिवळा, विषारी वायू. हे दोन संयोग पावले म्हणजे जे बनते ते आपण रोज ताटात वाढून घेतो! या ठिकाणी शिक्षकाने थोडे थांबावे आणि मुलांना नवल वाटू द्यावे. संयुगाचे गुणधर्म त्याच्या मूलद्रव्यांच्या गुणधर्मांहून निराळे असतात, हे व्याख्या पाठ करून जितके समजत नाही तितके या एका उदाहरणाने समजते.

मिठात सोडिअम आहे याची खूण वर्गातही दाखविता येते. स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत लोखंडी तारेच्या टोकाने मिठाचा कण धरला की ज्योत गडद पिवळी होते. रस्त्यांवर पूर्वी सर्रास दिसणारे पिवळे दिवेही सोडिअमच्या वाफेचेच होते. हा प्रयोग शिक्षकाने स्वतः करावा.

मूलद्रव्यांची ओळ कशी लागते?

आज एकंदर ११८ मूलद्रव्ये मान्य झालेली आहेत. प्रत्येक स्वतंत्रपणे लक्षात ठेवावयाचे म्हटले तर बुद्धी थकून जाईल. रशियन रसायनशास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव्ह यांच्यापुढे १८६९ साली हीच अडचण होती. त्या वेळी ६३ मूलद्रव्ये ज्ञात होती आणि विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिताना त्यांची संगती कशी लावावी, हा त्यांचा प्रश्न होता. आवर्तसारणीचा उगम अशा रीतीने एका शिक्षकाच्या गरजेत आहे.

विद्यार्थ्यांनीही ही ओळ स्वतः लावावी. त्यासाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू वापरून सोळा पत्ते तयार करावेत. प्रत्येकावर मूलद्रव्याचे नाव, त्याचे अणुवस्तुमान, ते धातू आहे की अधातू, आणि त्याची संयुजा, म्हणजे इतरांशी संयोग करण्याची त्याची क्षमता, लिहावी.

पहिले सात : लिथिअम ७, बेरिलिअम ९, बोरॉन ११, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, फ्लुओरीन १९. त्यांच्या संयुजा अनुक्रमे १, २, ३, ४, ३, २, १.

दुसरे सात : सोडिअम २३, मॅग्नेशिअम २४, ॲल्युमिनिअम २७, सिलिकॉन २८, फॉस्फरस ३१, गंधक ३२, क्लोरीन ३५.५. यांच्याही संयुजा १, २, ३, ४, ३, २, १.

शेवटचे दोन : पोटॅशिअम ३९ व कॅल्शिअम ४०, संयुजा १ व २.

(फॉस्फरस, गंधक व क्लोरीन यांना अन्य संयुजाही असतात, या वर्गात हायड्रोजनशी संयोग करतानाची संयुजा पुरे.)

पत्ते पिसून मुलांच्या गटास द्यावेत आणि अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडावयास सांगावे. मांडणी पूर्ण होताच संयुजांचे आकडे मोठ्याने वाचवून घ्यावेत. एक-दोन-तीन-चार-तीन-दोन-एक आणि पुन्हा एक-दोन-तीन-चार, हा फेरा चाणाक्ष मुले आपण होऊन ओळखतात. ती ओळखेपर्यंत शिक्षकाने मौन पाळावे. सारणीतील 'आवर्त' हा शब्द याच फेऱ्यावरून आलेला आहे.

हा फेरा पटविण्यास दोन दाखले पुरेत. पेटीवर सा, रे, ग, म, प, ध, नि वाजविल्यावर आठवा स्वर पुन्हा सा येतो. इंग्लंडमध्ये न्यूलँड्स यांनी १८६५ साली मूलद्रव्यांना हाच स्वरसप्तकाचा न्याय लावला होता आणि त्याबद्दल त्यांची थट्टाही झाली होती. दुसरा दाखला दिनदर्शिकेचा. फळ्यावर वार आडवे लिहून महिन्याच्या तारखा मांडाव्यात. आडवी ओळ म्हणजे आवर्त आणि एकाच वाराखालचा उभा स्तंभ म्हणजे गण. सर्व सोमवार एकाखाली एक येतात, तसे लिथिअम, सोडिअम व पोटॅशिअम एकाखाली एक येतात आणि तिघेही मऊ, अत्यंत क्रियाशील धातू असतात. फ्लुओरीन व क्लोरीन यांच्या स्तंभात पुढे ब्रोमीन व आयोडीन येतात. खाण्याच्या मिठात गलगंडाच्या प्रतिबंधासाठी मिसळले जाते ते आयोडीन हेच. ते आयोडेट या संयुगाच्या रूपात असते.

आता एक युक्ती करावी. मुलांच्या नकळत सिलिकॉनचा पत्ता काढून घ्यावा आणि तेथे कोणता पत्ता असला पाहिजे असे विचारावे. त्याचे वस्तुमान २७ व ३१ यांच्या दरम्यान आणि संयुजा ४ असणार, हे मुले न पाहता सांगतात. मेंडेलीव्ह यांनी हेच केले. ज्या जागी योग्य मूलद्रव्य मिळेना ती जागा त्यांनी रिकामी ठेवली आणि तेथे येणाऱ्या पाहुण्याचे वर्णन आधीच लिहून ठेवले. सिलिकॉनखालच्या जागेस त्यांनी 'एक-सिलिकॉन' असे नाव दिले. यातील 'एक' हा संस्कृत संख्याशब्द होय. त्यांनी त्याचे अणुवस्तुमान ७२ आणि घनता ५.५ वर्तविली. १८८६ साली जर्मनीत विंकलर यांना जर्मेनिअम सापडले. त्याचे अणुवस्तुमान ७२.६ आणि घनता सुमारे ५.३ भरली. तत्पूर्वी १८७५ साली गॅलिअम आणि १८७९ साली स्कँडिअम यांनीही आपापल्या रिकाम्या जागा भरल्या होत्या. जे शास्त्र न पाहिलेल्या वस्तूचे वर्णन करू शकते आणि ते पडताळून पाहू देते, त्याचे बळ विद्यार्थ्यांस येथे कळते.

मात्र एक संपूर्ण स्तंभ मेंडेलीव्ह यांच्याही ध्यानात आला नव्हता. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणच्या किनाऱ्यावरून विजयदुर्गाच्या परिसरातून पूर्वेकडे गुंटूरपर्यंत गेला. त्या वर्षीच्या सूर्यप्रकाशाच्या निरीक्षणांत सोडिअमच्या पिवळ्या रेषेजवळ, परंतु तिच्याहून वेगळी अशी एक पिवळी रेषा दिसली. तिच्यावरून सूर्यात एक नवे मूलद्रव्य असल्याचा तर्क करण्यात आला आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्यास हेलिअम म्हणण्यात आले. पृथ्वीवर ते १८९५ साली रॅम्झी यांना मिळाले. निऑन, अरगॉन ही त्याची भावंडेही त्याच सुमारास सापडली. ही सामान्यतः कोणाशीच संयोग करीत नाहीत. त्यांची संयुजा शून्य. फ्लुओरीन आणि सोडिअम यांच्यामध्ये निऑनचा कोरा पत्ता ठेवून आकडे पुन्हा वाचवावेत : तीन, दोन, एक, शून्य, एक, दोन, तीन. पायऱ्या आता सलग लागतात.

अणूच्या आत

हा फेरा का येतो, हा प्रश्न मुलांच्या मनात निर्माण झाल्यावरच अणूची रचना शिकवावी. प्रश्नाआधी दिलेले उत्तर मनात ठरत नाही.

'अणू' हा शब्द आपल्या वैशेषिक दर्शनातून आलेला आहे आणि कणादांचे नाव मुलांना सांगणे उचितच आहे. मात्र ते तत्त्वचिंतन होते आणि आधुनिक अणुकल्पना वजनमापाच्या प्रयोगांतून सिद्ध झाली, हा फरकही स्पष्ट करावा. डाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अणू अविभाज्य मानला. १८९७ साली थॉमसन यांनी ऋणभारित इलेक्ट्रॉन शोधला, १९११ साली रुदरफोर्ड यांनी अणुकेंद्रक दाखवून दिले आणि १९३२ साली चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. केंद्रकात धनभारित प्रोटॉन व भाररहित न्यूट्रॉन असतात. केंद्रकाबाहेर इलेक्ट्रॉन असतात. प्रोटॉनांची संख्या म्हणजे अणुक्रमांक. १९१३ साली मोझली यांच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांवरून, सारणीचा खरा क्रम वस्तुमानाने नव्हे तर अणुक्रमांकाने लागतो, हे सिद्ध झाले. म्हणूनच अरगॉन पोटॅशिअमपेक्षा किंचित जड असूनही त्याच्या आधी येतो.

शाळेच्या अंगणात रांगोळीने तीन वर्तुळे काढून सोडिअमचा अणू मांडावा. मधोमध प्रोटॉनांसाठी ११ हरभरे आणि न्यूट्रॉनांसाठी १२ वाटाणे ठेवावेत. इलेक्ट्रॉनांसाठी मोहरीचे दाणे घ्यावेत : पहिल्या वर्तुळावर २, दुसऱ्यावर ८, तिसऱ्यावर १. शेजारी क्लोरीनचे इलेक्ट्रॉन २, ८, ७ असे मांडावेत. लिथिअमचे २, १ आणि पोटॅशिअमचे २, ८, ८, १ हेही मांडून दाखवावेत. एका स्तंभातील मूलद्रव्यांच्या बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉनांची संख्या सारखीच असते, आणि म्हणून त्यांचे वागणेही सारखे असते. पत्त्यांच्या खेळातील कोड्याचे उत्तर येथे मिळते.

आता मिठाकडे परत यावे. सोडिअमच्या बाहेरच्या कवचातील एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे जातो. सोडिअमचे २, ८ आणि क्लोरीनचे २, ८, ८ असे स्थिर संरूपण होते. एकावर धनभार आणि दुसऱ्यावर ऋणभार आल्यामुळे ते परस्परांस आकर्षून ठेवतात. जो धातू पाण्यात पेट घेत होता आणि जो वायू घसा जाळीत होता, ते दोघेही या देवघेवीनंतर शांत होतात. मूलद्रव्ये तीच राहिली. बदलली ती केवळ बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची व्यवस्था.

आकारमानाची कल्पना देण्यास पुढील उपमा उपयोगी पडेल. सोडिअमचे केंद्रक सुपारीएवढे मानले तर त्याचा अणू सुमारे एक किलोमीटर रुंद होईल. म्हणजे ऐरोलीहून मुलुंडकडे जाणाऱ्या खाडीपुलाच्या लांबीइतका. पुलाच्या मध्यावर सुपारी आणि उरलेला सर्व भाग जवळजवळ रिता! आणि असे अणू किती? मिठाच्या एका बारीक कणात एकावर अठरा शून्ये मांडून होणाऱ्या संख्येइतके.

अणुऊर्जेविषयीही विद्यार्थी हटकून विचारतात. ठाणे खाडीच्याच दक्षिणेकडे, ट्रॉम्बे येथे, ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही भारतातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. ती २००९ साली बंद करण्यात आली व २०१८ साली तिची सुधारित आवृत्ती सुरू झाली. मीठ बनताना अणूचे केंद्रक जसेच्या तसे राहते. अणुभट्टीत युरेनिअमचे केंद्रकच दुभंगते. युरेनिअमचा अणुक्रमांक ९२. त्याच्या विभाजनाच्या एका प्रकारात बेरिअम ५६ आणि क्रिप्टॉन ३६ मिळतात. बेरीज विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी.

शिक्षकांनी बाळगावयाची दक्षता

१. सोडिअम धातू शाळेत आणू नये व पाण्यात टाकून दाखवू नये. मिठाच्या पाण्यातून बॅटरीची वीज सोडण्याचा प्रयोगही वर्गात करू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

२. पहिल्या २० मूलद्रव्यांपलीकडे पाठांतराचा आग्रह धरू नये. लोखंड, तांबे, चांदी, सोने, शिसे या परिचित धातूंच्या जागा तक्त्यावर शोधावयास लावणे पुरे.

३. रांगोळीची वर्तुळे ही समजण्यासाठी काढलेली आकृती आहे. इलेक्ट्रॉन ग्रहांप्रमाणे ठरावीक मार्गांवर फिरत नाहीत, हे त्याच वेळी सांगावे. आकृतीलाच वस्तू समजण्याची चूक पुढे वर्षानुवर्षे निघत नाही.

४. मूलद्रव्यांच्या संज्ञा इंग्रजी नावांशी जुळत नाहीत तेथे कारण द्यावे. सोडिअमची संज्ञा 'नेट्रिअम' या व लोखंडाची 'फेरम' या लॅटिन नावावरून आली आहे.

५. रसायनाचे पिंप किंवा बाटली घरी पाण्यासाठी वा खाद्यपदार्थांसाठी वापरू नये, हे प्रत्येक विद्यार्थ्याकडून घरी सांगविण्यात यावे.

जेथे खाडी नाही तेथील शिक्षकांनी मिठाऐवजी गावचा परिचित पदार्थ घ्यावा. चुन्यात कॅल्शिअम, तुरटीत ॲल्युमिनिअम, आणि गेरूत लोह आहे. कोठून आरंभ करावयाचा हे गावाने ठरवावे. क्रम मात्र पदार्थ, मांडणी, प्रश्न आणि मग अणू असाच ठेवावा.

उजळणी

पाठ संपल्यावर पुढील चार प्रश्न तोंडी विचारावेत.

(१) समुद्राचे पाणी मिश्रण आणि मीठ संयुग, असे का म्हणतात?

(२) पोटॅशिअम पाण्यात टाकले तर काय होईल? ते न पाहता कसे सांगता येते?

(३) मॅग्नेशिअमचा अणुक्रमांक १२ आहे. त्याचे इलेक्ट्रॉन मांडा व संयुजा सांगा.

(४) एका पिंपावर 'सोडिअम' हे नाव आहे. त्यातील पदार्थ मिठासारखा सुरक्षित मानावा काय? कारण द्या.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वर्गातील शेवटच्या विद्यार्थ्यासही कारणासह देता आले म्हणजे हा पाठ पुरा झाला असे समजावे. तसे न झाल्यास पत्ते पुन्हा वाटावेत.